बेटांची वाट तांडेलाला विचारा

पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला पाहायला आज जो कोणी जातो, तो मोटारीतून, जमिनीच्या वाटेने जातो. तटबंदीवरून फिरतो, बुरुजावर उभा राहून खालच्या पाण्याचे छायाचित्र घेतो आणि परततो. सावंतवाडीच्या ज्या भोसल्यांनी हा किल्ला उभारला, त्यांना ही जागा पाण्यासाठी हवी होती, हे त्याच्या ध्यानी यावे असे काही तेथे उरलेले नाही. वरच्या अंगाला जिला तिळारी म्हणतात ती शापोरा नदी म्हणजे त्या काळी घाटाखालच्या मुलखाचा हमरस्ताच होता. ज्याच्या हाती हळर्णचा काठ, त्याच्या हाती त्या रस्त्याची किल्ली. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्किस द काश्तेलु नोवु याने हा किल्ला जिंकला, तेव्हा लिस्बनच्या दरबाराला या विजयाचे इतके अप्रूप वाटले की त्याची पदवी बदलून त्याला 'मार्किस द आलोर्ना' करण्यात आले. पुढे त्याची नात लिओनोर द आल्मैदा (१७५० ते १८३९) ही 'मार्केझा द आलोर्ना' या नावाने पोर्तुगीज वाङ्मयात कवयित्री म्हणून गाजली. पेडण्यातील एका खेड्याचे नाव असे परक्या वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसले आहे, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. त्याच १७४६ साली त्याने तेरेखोलही घेतला. हळर्ण एका नदीच्या काठी, तेरेखोल दुसऱ्या नदीच्या मुखाशी. पाण्याच्या वाटा हाती आल्याखेरीज जमीन हाती येत नाही, हे त्या परक्याला पक्के ठाऊक होते.

आम्हाला मात्र या वाटांचा विसर पडला आहे. हळर्णहून होडी सोडली तर ती कोलवाळवरून, शिवोली-चोपड्याच्या पुलाखालून, शापोऱ्याच्या किल्ल्याच्या पायथ्याने, मोरजीच्या वाळूला वळसा घालून समुद्रात उतरते. तेथून उत्तरेस गेले की केरी, तेरेखोलचे मुख, रेडी आणि मग वेंगुर्ल्यापुढचे खडक. दक्षिणेस आग्वादचे भूशिर ओलांडले की मुरगावसमोरचे ग्रांदे आणि त्याच्या सोबतीची लहान बेटे. अगदी टोकाला, कारवारसमोर असूनही गोव्याच्या हद्दीत मोडणारे अंजदीव. ही नावे शाळेच्या नकाशात आहेत. पण ज्याने त्यांतल्या एकावर तरी पाय ठेवला आहे असा शिकलासवरला गोमंतकीय शोधू म्हटले तर शोधावाच लागेल.

हा प्रश्न केवळ हौसेचा असता तर त्यासाठी अग्रलेखाची जागा आम्ही खर्ची घातली नसती. परंतु ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली आणि पेडणे तालुका, जो आजवर गोव्याचे उत्तरेकडील परसदार होता, तो दर्शनी दरवाजा झाला. किनाऱ्यावर जागा उरली नाही की पाहुण्यांची, आणि पाहुण्यांवर जगणाऱ्यांची, नजर पाण्याकडे वळते. ग्रांदेच्या रोखाने सफरीच्या बोटी रोज धावतातच. उरलेली बेटेही आज ना उद्या या ना त्या नावाने 'खुली' केली जाणार, याविषयी आम्हास शंका वाटत नाही. ती कोणाच्या हातून खुली होणार, हा खरा प्रश्न आहे. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. ही बेटे लहान होडीने पाहावीत, किनाऱ्यावरच्या तांडेलाच्या सोबतीने पाहावीत, आणि त्या तांडेलाजवळची माहिती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय कोणाही ठेकेदाराला तिकडे फिरकू देऊ नये.

यासाठी वेंगुर्ल्याच्या खडकांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. वेंगुर्ल्याच्या भूशिरापासून आठ-नऊ मैल आत समुद्रात ही उघडीबोडकी बेटे आहेत. पोर्तुगीज दर्यावर्दी त्यांना 'जळालेली बेटे' म्हणत. त्यांच्यापैकी एकावर दीपगृह आहे. वस्ती म्हणावी ती पाखरांची. पावसाळ्याच्या तोंडाशी तेथे सुरय पक्षी अंडी घालतात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा उसळत्या दर्यामुळे कोणत्याही होडीला तेथे लागता येत नाही. निसर्गाने लावलेले ते कुलूपच म्हणावयाचे. कपारींतल्या अंधारात मात्र दुसरीच प्रजा राहते. भारतीय पाकोळी हा चिमणीएवढा पक्षी आपल्या लाळेने खडकाला घरटे चिकटवतो आणि अंधारात टिकटिक असा आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा हात होता ते ॲलन ह्यूम १८७५ साली लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याच्या सफरीवर निघाले, तेव्हा पक्ष्यांच्या ओढीने या खडकांवर उतरले होते. हुमायून अब्दुलाली यांनी येथील सुरय व पाकोळ्यांविषयी १९४२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. हे दोघेही तेथे पोहोचले ते कोणा ना कोणा किनारी माणसाच्या हातातील वल्ह्याच्या किंवा सुकाणूच्या भरवशावर. त्यांची नावे पक्षिशास्त्रात राहिली, आणि ज्यांनी त्यांना खडकाला सुखरूप लावले आणि सुखरूप परत आणले, त्यांची नावे आपणांस माहीत नाहीत.

पण या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाकोळीच्या घरट्यांना पूर्वेकडील देशांत सूप करण्यासाठी मोठी किंमत येते. त्या लोभाने याच खडकांवरून वर्षानुवर्षे घरटी खरवडून नेली जात होती, कधी कधी आतल्या अंड्यापिल्लांसकट. चालू शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या चोरीचा पाठपुरावा करून वनखात्याला जागे केले आणि पाकोळ्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. चोरही आले होते ते लहान होडीनेच, आणि वाट त्यांनाही कोणा स्थानिक माणसानेच दाखविली असणार. तेव्हा लहान होडी म्हणजे सात्त्विक आणि यंत्रबोट म्हणजे तामसी असा भाबडा हिशोब आम्ही मांडू इच्छीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पक्ष्यांच्या घरट्यांना धक्का लावणे ही शिकारच ठरते. परंतु मैलोगणती समुद्रात त्या कायद्याचा शिपाई कोण? जो रोज त्या पाण्यातून जातो, ज्याला परका पडाव दुरून ओळखू येतो, तोच. त्याला या बेटांपासून चार प्रामाणिक पैसे मिळत असतील तर तो त्यांची राखण करील. काहीच मिळत नसेल तर घरटी खरवडणारा त्याच्याकडे एक दिवस येईलच.

आपल्या समाजाला समुद्राची ओळख नाही, असे कोणी म्हटले तर ते अर्धेच खरे आहे. आपल्याकडे समुद्र जाणणारे आणि लिहिणे जाणणारे असे दोन निराळे वर्ग राहिले. धर्मशास्त्रकारांनी समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत टाकली, आणि ज्या जातींच्या हाती पोथी व दौत होती त्यांनी तो निषेध निदान स्वतःपुरता मानला. गलबतांना भांडवल पुरविले, नफ्याचा वाटा मोजून घेतला, पण स्वतः होडीत पाय घातला नाही. खारवी, गाबीत, भंडारी यांनी होडी हाकली, पण त्यांच्या हाती लेखणी कोणी दिली नाही. याचा परिणाम असा झाला, की आमच्याच किनाऱ्याचे पहिले तपशीलवार वर्णन वाचावयाचे तर ते पोर्तुगीज भाषेत वाचावे लागते. जुआंव द काश्त्रु हा पुढे व्हाइसरॉय झाला. पण त्याआधी, १५३८-३९ साली, आरमाराबरोबर गोव्याहून दीवला जाताना त्याने नद्यांची मुखे, पाण्याची खोली, नांगर टाकण्याच्या जागा टिपून घेतल्या आणि त्यांची रेखाचित्रे काढली. ही माहिती त्याला सगळीच स्वतःच्या डोळ्यांनी मिळाली असेल, असे मानणे कठीण आहे. किनाऱ्यावरच्या माणसांना विचारूनच असे ग्रंथ होतात. विचारणारा परका होता, सांगणारे आमचे होते, आणि ग्रंथ त्याच्या नावावर राहिला. यात त्याचा दोष आम्हास दिसत नाही. त्याने विचारले तरी!

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराची कथा या दृष्टीने पुन्हा ऐकण्यासारखी आहे. कदंबांचे हे कुलदैवत मुळात दिवाडी बेटावरचे. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. पुढे कोणा भाविक देसायांनी माणसे घेऊन रात्रीच्या अंधारात लिंग पैलतीरावर, डिचोलीच्या मुलखात आणले, असे परंपरा सांगते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली तेथे देवालय उभारण्यास आरंभ केल्याचा शिलालेख द्वारावर आहे, आणि अलीकडे, २०२३ साली, त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. या सगळ्या परंपरेत देसायांचे नाव आहे, महाराजांचे नाव आहे. पण त्या रात्री, दिवा न लावता, ओहोटीचा ओढ अचूक हेरून ज्याने तर पार केली, त्या तारियाचा कोठे उल्लेख आहे काय? भाविकांची श्रद्धा कितीही दृढ असो, नदीच्या त्या पात्रात प्रवाह ओळखणारा माणूस सोबत नसता तर देव पैलतीरी पोहोचला नसता. जत्रेला नार्व्यास जाणाऱ्या भाविकांनी या अज्ञात माणसाचे एकदा स्मरण करावे, अशी आमची विनंती आहे.

आता हा तांडेल नेमके काय जाणतो, तेही पाहिले पाहिजे. नाहीतर त्याचे कौतुक म्हणजे भावविवशता ठरेल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे पंचांग पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. भरती रोज सुमारे दोन घटका उशिरा येते, हा हिशोबही अवघड नाही. परंतु अमुक तिथीला अमुक खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा किती बुडतो, हे कोणत्याही पंचांगात नाही. पहाटे जमिनीवरून वाहणारा मतलई वारा धरून बाहेर पडायचे, दुपारी खारा वारा सुटला की त्याच्या पाठीवर घरी यायचे, हा नियम सर्वश्रुत आहे. पण आभाळाच्या कोणत्या खुणेवरून आज खारा वारा वेळेआधी आणि जोराने उठणार, हे बापाकडून मुलाला कळते. किनाऱ्यावरचा एक डोंगर आणि एक देऊळ, किंवा माडाचा उंच शेंडा आणि क्रूस, अशा दोन खुणा एका रेषेत आल्या की पाण्याखालचा खडक कोठे आहे ते तो सांगतो. बेटाला होडी कशी लावावी ही तर स्वतंत्र विद्याच आहे. धक्का नाही, वाळू नाही, लाट खडकावर आपटते आहे, अशा जागी होडी लाटेबरोबर वर उचलली जाते त्याच क्षणी एकाने उडी घ्यायची, आणि दुसऱ्याने ती तत्काळ मागे खेचायची. उलांडीची होडी असेल तर उलांडी खडकाच्या बाजूला येऊ द्यायची नाही. क्षणाची चूक झाली तर होडी तरी फुटते किंवा पाय तरी.

ही विद्या झपाट्याने ओसरते आहे. उपग्रहाकडून ठिकाण सांगणारे यंत्र हाती आल्यावर देऊळ आणि डोंगर जुळवीत कोण बसेल? रांपणकारांनी यंत्रनौकांविरुद्ध दिलेल्या लढ्यानंतर १९८० साली मासेमारी नियमनाचा कायदा झाला आणि किनाऱ्याजवळचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. पण कायद्याने पाणी राखले तरी माणसे कशी राहणार? तांडेलांची मुले आगबोटींवर गेली, आखातात गेली, काही सफरीच्या बोटींवर पंधरा मिनिटांत डॉल्फिन दाखवून परतण्याच्या धंद्यात गेली. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हास नाही. पोट सर्वांना आहे.

आमच्या सूचनेवर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येईल, आणि तो हलका नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगबोट आदळून पंधरा जीव गेले. त्यानंतर आठवड्याच्या आत, नाताळच्या दिवशी, कळंगुटच्या समुद्रात सफरीची बोट उलटून एकाचा बळी गेला. अशा वेळी लहान होड्यांतून लोकांना बेटांवर न्या म्हणणे हे धाडस नव्हे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे आहे की गर्दी, घाई आणि वेग यांची गाठ जेथे पडते तेथे धोका वाढतो. सहा माणसांची होडी, प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट, आणि आज निघायचे की नाही हे ठरविण्याचा अंतिम अधिकार तांडेलाचा, अशी व्यवस्था असेल तर अपघाताचा संभव कितीतरी कमी होईल. प्रवाशाने पैसे भरले आहेत म्हणून होडी सुटणार नाही, वारा अनुकूल आहे म्हणून सुटेल. ही शिस्त आपल्या पर्यटकांना रुचणार नाही, याची आम्हास कल्पना आहे. न रुचली तर त्यांनी किनाऱ्यावर बसावे.

दुसरा आक्षेप देशाच्या संरक्षणाचा, आणि तेथे आमचा वाद नाही. अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे आणि सामान्यांना तेथे जाता येत नाही. वास्को द गामाने १४९८ साली जेथे विसावा घेतला, आल्मैदाने १५०५ साली जेथे किल्ला घातला, मुंबईचा ताबा घेण्यास आलेला इंग्रज सेनानी अब्राहम शिपमन आणि त्याचे बहुसंख्य सैनिक १६६४ पर्यंत जेथे रोगराईने मेले, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या लढाईत आपल्या नौसैनिकांनी जेथे रक्त सांडले, त्या बेटाचे दर्शन वर्षातून एखाद्या दिवशी तरी गोमंतकीय विद्यार्थ्यांना, नौदलाच्याच देखरेखीखाली, व्हावे एवढेच आमचे मागणे. नौदलाशी गोमंतकाचे नाते जुने आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई' शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये ज्या 'तारिणी'तून केली, त्या दोन्ही नौका दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधल्या गेल्या. छप्पन्न फुटी नौका येथे घडते, पृथ्वीला वळसा घालून येते, आणि येथल्या शाळेतल्या मुलाला मांडवीच्या मुखाबाहेरचे पहिले बेट कोणते ते सांगता येत नाही!

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला हे पाहू गेल्यास आयर्लंडच्या स्केलिग मायकेल या खडकाळ बेटाकडे बोट दाखविता येईल. तेथे जुना मठ आहे, समुद्रपक्ष्यांच्या वसाहती आहेत, आणि १९९६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे मोह पडावा असे सर्व काही आहे. तरीही तेथे उतरण्याचे परवाने मोजक्याच होडीवाल्यांना असतात, दिवसाला सुमारे १८० माणसांपलीकडे कोणी उतरत नाही, आणि हंगाम संपला की बेट बंद. दर्या बिघडला तर त्या दिवशीची फेरी रद्द होते आणि कोणी तक्रार करीत नाही. आमच्या खडकांना १८० देखील फार होतील. वेंगुर्ल्याच्या खडकांवर तर पाकोळ्यांच्या विणीचे महिने संपूर्णपणे वगळूनच माणसांना जाऊ द्यावे, आणि गुहांत तर कधीच नको.

वेंगुर्ले महाराष्ट्रात, तेरेखोल गोव्यात. पण ही सीमा होडीला दिसत नाही, म्हणून दोन्ही राज्यांच्या बंदर खात्यांनी व वनखात्यांनी यासाठी एकत्र बसणे अगत्याचे आहे. गोव्यापुरते बोलायचे तर आरंभ हळर्णहून व्हावा. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि शापोरा नदी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ठरली आहे. पण या जलमार्गावर रेतीच्या होड्यांखेरीज फारसे काही चालल्याचे ऐकिवात नाही. किल्ल्याखाली लाकडी उतार बांधून, तेथून शापोऱ्याच्या मुखापर्यंत विद्यार्थ्यांना वल्ह्याच्या होडीतून नेता येईल. नदीचे पाणी शांत आहे, तेथे हात बसल्यावर खाडी, आणि खाडीनंतर बेट, असा क्रम ठेवता येईल. जे महाविद्यालय आपल्या मुलांना बसने आग्र्याला पाठविते त्याला हे परवडणार नाही असे नाही. सोबतीला तांडेल हवा, आणि त्याला मानधन शिक्षकाच्या बरोबरीचे हवे, मजुरीच्या दराने नव्हे.

राहता राहिले ते लिहून घेण्याचे काम, आणि ते मात्र या सर्वांच्या आधी व्हायला हवे. गोवा विद्यापीठ आहे, दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पुराभिलेख खात्यात जुने कागद आहेत. मोरजी, शापोरा, केरी, रेडी, वेंगुर्ले येथील वृद्ध तांडेलांना भेटून खडकांची नावे, उतरण्याच्या जागा, खुणांच्या जोड्या, वाऱ्याचे अंदाज त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावेत, आणि छापताना सांगणाऱ्याचे नाव वर घालावे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. हंगामात त्यांना भेटता यायचे नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात आणि तांडेल ओसरीवर जाळी दुरुस्त करीत बसलेले असतात. विद्यापीठाने आपली मुले वही घेऊन त्याच दिवसांत पाठवावीत. नारळी पौर्णिमा झाली की ते पुन्हा समुद्रावर जातील.